अर्जाच्या आधीची गाळणी: मराठवाड्यातल्या एका बारावीचं प्रकरण

ही मुलगी 2025 साली आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी कला झाली. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. अर्जांचा प्रवास मात्र झाला तसाच मांडते.

परभणी-हिंगोली पट्ट्यातलं गाव. हायस्कूल आणि त्यालाच जोडून अकरावी-बारावी. शाखा दोनच, कला आणि विज्ञान. विज्ञानाच्या हजेरीपटावर नावं भरपूर, बाकांवर मुलं थोडी; नाव इथं आणि क्लास लातूर-नांदेडला, ही रीत आता कुणाला खटकतही नाही. कलेचा वर्ग मात्र खरोखर भरतो आणि त्यात मुली जास्त. शेवटचा तास एसटीच्या वेळेवर संपतो, घंटेवर नाही. मी तिथं इंग्रजी शिकवते. करिअर मार्गदर्शन असं स्वतंत्र पद आमच्याकडे नाही. नोटीस बोर्डावर पोलीस भरतीची जाहिरात आणि एका नर्सिंग कॉलेजचं पत्रक, एवढंच मार्गदर्शन.

घरी पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. हंगाम संपला की वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आई बचत गटाची सचिव. दहावीला 89 टक्के पडूनही मुलगी कलेला आली याचं गावाला नवल वाटलं. कारण साधं होतं: लातूरच्या क्लासची फी झेपणारी नव्हती आणि क्लासशिवाय विज्ञान म्हणजे नुसतं नाव. तिला स्वतःला अर्थशास्त्राची ओढ होती. गटाच्या हिशेबातून लागलेली असावी.

राज्याबाहेर जाऊन पदवी घेतलेलं गावात कुणीच नव्हतं. दिल्ली-बंगळुरूचं तिला कळलं ते मोबाईलवरून. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारे गावातून निघून ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेलेले राजू केंद्रे आणि त्यांची ‘एकलव्य’ ही संस्था, तिचा एक व्हिडिओ तिनं पाहिला होता. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना नामांकित संस्थांचे अर्ज कसे भरायचे ते ही मंडळी शिकवतात. बारावीच्या जूनमध्ये ती स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, दिल्ली युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरायला वशिला लागतो का?”

वशिला लागत नाही, हे सांगणं सोपं होतं. काय लागतं, ते शोधण्यात आमचे पुढचे कितीतरी महिने गेले.

गणित नाही, म्हणून अर्थशास्त्र नाही

2021 पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत. काही कॉलेजांची पहिली यादी थेट 100 टक्क्यांवर लागे. महाराष्ट्र बोर्डाच्या कला शाखेला असे गुण पडतच नाहीत, त्यामुळे आमच्या मुलांसाठी तो विषय तिथंच संपायचा. 2022 पासून सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, आली. पदवीच्या सुमारे 71 हजार जागा आता या परीक्षेच्या गुणांवर भरतात आणि बोर्डाचे टक्के जवळपास बाजूला पडले. सीयूईटीवर टीका खूप होते, क्लासवाल्यांचं फावलं हेही खरं. तरी आमच्यासारख्या गावाच्या बाजूनं पाहिलं तर दाराला निदान कडी दिसू लागली, असं माझं मत आहे.

माहितीपुस्तिका उघडली आणि पहिल्याच संध्याकाळी तिचा पहिला पर्याय गेला. दिल्लीला बीए ऑनर्स अर्थशास्त्रासाठी सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि बारावीला जे विषय शिकलात त्यांचेच पेपर धरले जातात. हिच्या अकरावीच्या अर्जावर मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. हे विषय तिनं निवडले असं म्हणणं फार झालं. आमच्याकडे कलेला हेच विषय असतात, क्लार्क ते छापील यादीतून भरून घेतो आणि मुलगी खाली सही करते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी केलेल्या त्या सहीनं देशातल्या अर्थशास्त्राच्या बऱ्याच चांगल्या जागा तिच्यापुरत्या बंद केल्या होत्या. ते कळलं तेव्हा बारावीचं वर्ष सुरू झालेलं होतं आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती त्या दिवशी फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “मग राज्यशास्त्राला काय काय लागतं ते बघू.”

पेपर मराठीत, पुस्तक हिंदीत

बीए ऑनर्स राज्यशास्त्राला एक भाषा आणि तीन विषय चालतात. इथून पुढचे दोन निर्णय या प्रकरणातले सगळ्यात महत्त्वाचे, म्हणून त्यांवर जरा थांबते.

पहिला भाषेचा. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की दिल्लीला जायचं म्हणजे इंग्रजीचा पेपर. मी इंग्रजीची शिक्षिका, मलाही तेच वाटलं असतं तर नवल नव्हतं. पण सीयूईटीच्या 13 भाषांमध्ये मराठी आहे आणि या अभ्यासक्रमासाठी दिल्ली विद्यापीठ तिला इंग्रजीच्या बरोबरीनं धरतं. भाषेच्या पेपरात मुख्य भर उताऱ्यांवर. 50 प्रश्न, 60 मिनिटं, बरोबर उत्तराला 5 गुण, चुकीच्याला वजा 1. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली कपाटं उपसलेल्या मुलीनं 250 गुणांचा हा पेपर इंग्रजीत देऊन पाण्यात का घालावा? तिनं मराठी घेतली आणि चारही पेपरांत तिला सर्वाधिक गुण त्यातच मिळाले. शिकणं इंग्रजीतून व्हायचं होतं, ती लढाई नंतरची. प्रवेशाच्या दारात ती लढण्याचं कारण नव्हतं.

दुसरा निर्णय विषयांचा. सीयूईटी बारावीच्या एनसीईआरटी अभ्यासक्रमावर, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांवर, बेतलेली असते आणि आमची मुलं राज्याची, बालभारतीची पुस्तकं वाचतात. दोन्ही संच टेबलावर शेजारी ठेवून अनुक्रमणिका ताडून पाहिल्या. इतिहासाचं तर नातंच नव्हतं. आपल्या बारावीच्या पुस्तकात युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध. त्यांच्याकडे हडप्पा, महाजनपदं, भक्ती-सूफी परंपरा, विजयनगर, 1857, गांधीजी, संविधान सभा. वर्गात जो इतिहास तिचा सगळ्यात चांगला होता, तोच या परीक्षेत सगळ्यात निरुपयोगी. याउलट अर्थशास्त्रात मागणी, पुरवठा, लवचिकता, बाजाराचे प्रकार, राष्ट्रीय उत्पन्न असं बरंच सामाईक निघालं. समाजशास्त्रही बऱ्यापैकी जुळलं. राज्यशास्त्र अर्धं: जागतिकीकरण, 1991 नंतरचं जग इथपर्यंत ठीक, पण स्वातंत्र्यानंतरच्या भारताच्या राजकारणाचं त्यांचं एक अख्खं पुस्तक आहे आणि ते आपल्याकडे बारावीला नाही. तेव्हा इतिहास सोडला. राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र ठेवलं. गणिताशिवाय अर्थशास्त्राची पदवी मिळत नव्हती, पण राज्यशास्त्राच्या प्रवेशासाठी अर्थशास्त्राचा पेपर चालत होता. नियमांची ही गंमत तिलाच आधी दिसली.

आता अडचण अशी की प्रश्नपत्रिका मराठीत मागता येते, पण एनसीईआरटीची बारावीची पुस्तकं मराठीत निघत नाहीत. हिंदी, इंग्रजी, उर्दू. पीडीएफ फुकट मिळतात, एवढं बरं. तिनं हिंदी पुस्तक धरलं. एका दोनशे पानी वहीत डावीकडे हिंदी संज्ञा, उजवीकडे मराठी आणि खाली लाल शाईनं इंग्रजी, कारण भाषांतरात घोळ झाला तर परीक्षेत इंग्रजी मजकूरच प्रमाण मानला जातो. बोर्डाच्या परीक्षेला 11 फेब्रुवारीला सुरुवात झाली, तोवर ही वही अर्धी भरली होती. बाकीची एप्रिलमध्ये, तुरीच्या पोत्यांवर बसून.

‘छंद: वाचन, रांगोळी’

दिल्लीवर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं होतं. म्हणून हिवाळ्यातच बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा अर्ज भरला. ते खासगी आहे, लेखी परीक्षा आणि मग मुलाखत घेतं आणि कुटुंबाचं उत्पन्न पाहून फी, राहणं, जेवण यांत सवलत देतं. त्याची छापील फी पाहून वडिलांनी फोन माझ्याकडे परत दिला. “मॅडम, हे आपलं काम नाही.” त्यांना म्हटलं, भाऊ, हा आकडा सगळ्यांना भरावा लागत नाही, आधी निवड तर होऊ द्या.

अभ्यासाखेरीज काय करतेस, असा प्रश्न आला. तिनं लिहिलं: छंद – वाचन, रांगोळी. आमच्याकडे या रकान्यात पिढ्यान्पिढ्या हेच लिहिलं जातं, मुलांच्या बाबतीत ‘वाचन, क्रिकेट’. शाळेनं दिलेल्या दाखल्यातही ‘वर्तणूक चांगली, माझ्या माहितीप्रमाणे कोणतेही गैरवर्तन नाही’ एवढंच वाक्य असतं. तीनशे मुलांना तेच.

मी विचारलं, शाळेतून घरी गेल्यावर काय करतेस ते सांग. पाणी भरते, भाकरी करते, महिन्याच्या पाच तारखेला गटाचं रजिस्टर लिहिते. सातवीपासून आईच्या बचत गटाचा हिशेब तीच ठेवत होती. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये बचत, अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपयांनी, हप्ता चुकला तर दहा रुपये दंड. बचत गटांसाठीच्या उमेद अभियानाची दशसूत्री, म्हणजे गटानं पाळायची दहा सूत्रं, तिला पाठ होती, कारण तपासणीला येणाऱ्या ताई आधी तेच विचारायच्या. हे ‘लिहिण्यासारखं’ आहे असं तिला वाटलंच नव्हतं. ते घरकाम होतं.

अर्जात रजिस्टर आलं. रडगाणं येऊ द्यायचं नाही एवढं मी पाहिलं. पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘मी एका गरीब शेतकऱ्याची मुलगी असून’ अशी सुरुवात होती, ती काढली. गरिबी उत्पन्नाच्या दाखल्यावर दिसतेच.

मुलाखतीत तिला त्या दोन रुपयांवरच पकडलं. महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, बँक याहून स्वस्तात देते, मग बायका गटातून का घेतात? तिनं सांगितलेलं उत्तर तिच्याच शब्दांत असं: बँकेत जायला एक दिवसाची मजुरी बुडते, जाऊन-येऊन भाडं लागतं, आणि साहेब जागेवर नसले तर दोन दिवस, शिवाय गटाचं व्याज वर्षाअखेरीला आपल्यातच वाटलं जातं, सावकाराकडे जात नाही. मग पुढचा प्रश्न आला, की जी बाई कर्जच घेत नाही तिला फायदा जास्त आणि जी सगळ्यात गरजू ती सगळ्यात जास्त व्याज भरते, हे बरोबर आहे का? यावर ती थांबली. “हे मी आधी बघितलं नव्हतं,” म्हणाली, आणि तिथंच कागदावर दोन बायकांचा हिशेब मांडून बघू लागली. इंग्रजी अडखळलं तिथं हिंदीत बोलली. निवड झाली.

लहान शाळेचा एक फायदा असतो असं म्हणतात, की शिक्षक मुलाला ओळखतात. खरं आहे, पण त्याचा उपयोग अशाच अर्जात होतो. सीयूईटीत आमच्या ओळखीला काडीचीही किंमत नाही.

केंद्राचा दाखला वेगळा असतो

कागदांनी परीक्षेपेक्षा जास्त दमवलं. कुटुंब राज्याच्या यादीत भटक्या जमातीत मोडतं. राज्यातल्या प्रवेशांत एनटीचं वेगळं आरक्षण असतं. केंद्रीय विद्यापीठात असा प्रवर्गच नाही, तिथं जात केंद्राच्या यादीत असेल तर ओबीसी. वडिलांकडे नॉन क्रिमिलेयर होतं, तीन वर्षांचं, लॅमिनेशन करून ठेवलेलं. “हे आहे की!” पण तो राज्याचा नमुना. दिल्लीला केंद्राच्या नमुन्यातला आणि त्याच वर्षी 31 मार्चनंतर काढलेला दाखला लागतो. म्हणजे सीयूईटीचा अर्ज मार्चमध्ये भरायचा आणि दाखला एप्रिल उजाडल्यावरच काढायचा.

सेतू केंद्रातल्या मुलानं पहिल्या खेपेला पुन्हा राज्याचाच अर्ज भरला, कारण रोज तोच भरला जातो. त्यात त्याचा दोष किती म्हणायचा? केंद्राचा दाखला मागणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे वर्षातून एखादं येत असेल. दुसऱ्या खेपेला आम्ही नमुनाच छापून नेला. दाखला प्रांत कार्यालयातून हाती आला तेव्हा मे संपत आला होता. राज्यात जिच्यासाठी लोकांचे जोडे झिजतात, ती जात पडताळणी मात्र दिल्लीच्या कागदपत्रांत नव्हतीच. महिनाभर वडील त्याच फायलीमागे फिरले होते.

नावाचा घोळ तर ठरलेला. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, आधारवर शेवटी. आईचं नाव एका ठिकाणी माहेरच्या घरगुती हाकेचं. हे दहावीतच निस्तरून घ्यावं.

दोन प्रवेश आणि एक हिशेब

निकालांचा क्रम त्या वर्षी असा होता: बारावी 5 मे, सीयूईटी 13 मेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, तिचा निकाल 4 जुलै, दिल्ली विद्यापीठाची पहिली यादी 19 जुलै, वर्ग 1 ऑगस्ट. बंगळुरूचं पत्र या सगळ्याच्या कितीतरी आधी हातात होतं आणि जागा राखायला मुदत होती. सुखवस्तू घरं अशा वेळी एकीकडे पैसे भरून दुसरीकडे वाट पाहतात. इथं भरायची रक्कम सवलतीमुळे लहान होती म्हणून निभावलं. गटातूनच कर्ज काढलं, शेकडा दोन रुपयांनी.

सीयूईटीला केंद्र नांदेड मिळालं. गुण हजारपैकी सातशेच्या घरात पडले. चांगलेच, पण उत्तर दिल्लीतल्या नावाजलेल्या कॉलेजांच्या राज्यशास्त्राला ओबीसीतूनही ते कमी पडतात. दिल्लीच्या पोर्टलवर कॉलेज आणि अभ्यासक्रमाच्या जोड्या पसंतीक्रमानं भरायच्या असतात. तिनं आधी मोजक्याच भरल्या होत्या, टीव्हीवर नाव ऐकलेल्या. पसंती कितीही भरल्या तरी वरच्या पसंतीची संधी कमी होत नाही, हे समजावल्यावर यादी लांबवली आणि मिळालं ते या लांबवलेल्या भागातूनच: एका महिला महाविद्यालयात बीए प्रोग्राम, म्हणजे एकाच विषयाचं ऑनर्स नव्हे, राज्यशास्त्र त्यातला एक विषय. पोर्टलवर ‘जागा मान्य’ करून वरच्या पसंतीसाठी ‘अपग्रेड’ मागता येतं. मुदतीत मान्य न करता नुसती वाट पाहत बसलं तर हातची जागा जाते.

मग घरात हिशेब मांडला. दिल्लीच्या कॉलेजची वर्षाची फी गावातल्या माणसालाही परवडेल अशी. पण वसतिगृहाची खात्री नव्हती. पीजीचे, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहण्याचे, जे दर फोनवर मिळाले ते महिना दहा ते पंधरा हजार. वर्षाचा आकडा सव्वा-दीड लाखाच्या पुढं, तोही तीन ते चार वर्षं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या वसतिगृह आणि निर्वाहभत्त्याच्या बहुतेक योजना राज्यातल्या कॉलेजांपुरत्या, त्यामुळे तिकडून आशा नव्हती. बंगळुरूला छापील फी कितीतरी पट मोठी, पण फी, खोली आणि जेवण सवलतीत गेल्यावर उरलं ते रेल्वेचं भाडं, पुस्तकं आणि हातखर्च. जे सरकारी म्हणून स्वस्त समजलं होतं ते महाग पडत होतं आणि जे पाहून वडिलांनी फोन परत दिला होता ते परवडत होतं.

तिचं मन दिल्लीत होतं, हे नमूद केलं पाहिजे. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्लीला जाते, हे तिनं केव्हाच पाहून ठेवलं होतं. आईनं विचारलं, “राहायची सोय कुठं पक्की हाय?” त्यावर चर्चा संपली. दिल्लीची जागा तिनं सोडली, बंगळुरूला बीएला गेली. माझ्या मते निर्णय योग्य झाला, पण तो आवडीचा निर्णय होता असं मी म्हणणार नाही. वसतिगृहाची हमी असती तर ही मुलगी आज दिल्लीत असती.

पहिल्या सत्रात इंग्रजी वाचनानं तिला चांगलंच पिळलं. चाळीस-चाळीस पानांचे लेख, दर आठवड्याला. विद्यापीठात भाषेसाठी वेगळी मदत मिळते, ती तिनं घेतली. सुट्टीत आली तेव्हा गटाच्या बैठकीत तिनं मुलाखतीतला तो प्रश्न काढला. बायकांनी पहिल्या पाच हजारांना दीड रुपया आणि त्यापुढं दोन, असं करून पाहायचं ठरवलं आहे.

शाळेपुरतं बोलायचं तर आम्ही अकरावीच्या विषययादीला हात घातला. राज्य मंडळात कला शाखेच्या मुलांना गणित घेता येतं. विषयाचं नावच ‘गणित व संख्याशास्त्र, कला आणि विज्ञान’ असं आहे. आमच्याकडे ते आजवर कुणी घेतलं नाही, कारण विज्ञानाचा गणिताचा तास आणि कलेचा इतिहासाचा तास एकाच वेळी असतो. गणिताचे सर शेजारच्याच वर्गात असतात आणि तिथं बाकं रिकामी, मुलं लातूरला. यंदा अकरावीच्या दोन मुलींनी गणित मागितलं. इतिहासाचा तास पहिल्या तासाला सरकवायचं प्राचार्यांनी मान्य केलं आहे; मात्र त्या दोघींची एसटी गावातून पहिला तास अर्धा संपल्यावर पोचते, म्हणून आता आगाराकडे वेळ बदलण्याचा अर्ज गेला आहे.